सूर्योदयकालीन ग्रामीण भूदृश्य छायाचित्रण (नांदेड व लातूर)

सूर्योदयकालीन ग्रामीण भूदृश्य छायाचित्रण म्हणजे पहाटेच्या संधिप्रकाशापासून सूर्य क्षितिजावर कासराभर वर येईपर्यंतच्या काळात शेतशिवार, गावे, पाणवठे व माळराने यांची छायाचित्रे घेणे होय. ही भूदृश्य छायाचित्रणाची एक शाखा असून प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात तिची माहिती दिली आहे. सपाट पठार, काळी जमीन, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या आणि उष्ण कटिबंधातील अल्पकाळ टिकणारा कोवळा प्रकाश ही या प्रदेशातील सूर्योदयाच्या चित्रांची वैशिष्ट्ये आहेत. गेल्या काही दशकांत येथील पीकपद्धती, घरबांधणी आणि पाण्याच्या व्यवस्था मोठ्या प्रमाणावर बदलल्या आहेत. त्यामुळे या चित्रांना सौंदर्याइतकेच दस्तऐवज म्हणूनही मूल्य आहे.

संज्ञा

इंग्रजी हस्तपुस्तिकांत या काळाचे 'ब्ल्यू अवर' व 'गोल्डन अवर' असे दोन भाग केले जातात आणि तेच शब्द आता मराठी छायाचित्रकारांतही रूढ झाले आहेत. मराठी बोलीभाषेत मात्र याच वेळेचे अधिक बारीक टप्पे आधीपासून आहेत. 'झुंजूमुंजू' होते तेव्हा आकार ओळखू येतात, पण रंग नीट दिसत नाहीत. 'तांबडे फुटते' तेव्हा पूर्वेला पहिली लाली उमटते. 'उजाडते' तेव्हा जमिनीवरील रंग वेगळे होऊ लागतात. 'कासराभर दिवस' म्हणजे बैल हाकण्याच्या दोरीच्या लांबीइतका सूर्य क्षितिजावर चढलेला असणे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही कामाला लागून गेल्याची वेळ होय आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने कोवळा प्रकाश संपत आल्याची.

पारंपरिक गणनेनुसार ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी सुरू होतो व ४८ मिनिटे आधी संपतो. या अक्षांशावर आकाशातील अगदी पहिला उजेड सूर्योदयापूर्वी साधारण सव्वा तास, म्हणजे ब्राह्ममुहूर्ताच्या मध्यावर दिसू लागतो. तारे व क्षितिजरेषा एकाच चौकटीत हवी असल्यास छायाचित्रकाराला या वेळेपूर्वीच जागेवर पोहोचावे लागते.

भौगोलिक पार्श्वभूमी

दोन्ही जिल्हे दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशात मोडतात. लातूर जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर असून त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ५४० ते ६३८ मीटर आहे. गोदावरीच्या काठावरील नांदेड शहर सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. या फरकाचा परिणाम हिवाळ्यातील पहाटेवर दिसतो. पठारावर थंडी कोरडी व हवा स्वच्छ असते, तर गोदावरी, मांजरा, मन्याड यांच्या खोऱ्यांत थंड हवा साचून धुके धरते.

गोदावरी नांदेड जिल्ह्यातून आणि मांजरा लातूर जिल्ह्यातून ढोबळमानाने पूर्वेकडे वाहते. त्यामुळे पुलावर उभे राहून वाहत्या पाण्याच्या दिशेने पाहिल्यास समोर सूर्योदय येतो आणि नदीचे पात्र प्रकाशाचा पट्टा बनते. मांजरा पुढे उत्तरेकडे वळते व बिलोली-देगलूर भागात महाराष्ट्र आणि तेलंगणा यांची सीमा बनून गोदावरीला मिळते. येथे महाराष्ट्राचा काठ पश्चिमेला असल्याने सूर्य नदीच्या पलीकडे, तेलंगणाच्या बाजूने उगवताना दिसतो. एकाच नदीवरील चित्राची रचना अशी जिल्ह्यागणिक बदलते.

किनवट व माहूर हे नांदेडचे उत्तरेकडील तालुके या वर्णनाला अपवाद आहेत. तेथे डोंगर, सागाचे जंगल व अधिक पाऊस असून क्षितिज मोकळे नसते. डोंगराआडून येणारा सूर्य पंचांगातील वेळेपेक्षा बराच उशिरा दिसतो.

वेळ आणि दिशा

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारित आहे. नांदेड त्याच्या सुमारे ५ अंश आणि लातूर सुमारे ६ अंश पश्चिमेला असल्याने स्थानिक वेळ घड्याळाच्या अनुक्रमे सुमारे २१ व २४ मिनिटे मागे असते. रेखांशातील या फरकामुळे नांदेडनंतर साधारण तीन मिनिटांनी लातूरला सूर्य उगवतो.

नांदेड येथे सर्वांत लवकर सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, पाच वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास होतो. सर्वांत उशिराचा सूर्योदय २२ डिसेंबरच्या सुमारास असतो असा सर्वसाधारण समज आहे, परंतु तो बरोबर नाही. २२ डिसेंबर हा वर्षातील सर्वांत लहान दिवस असला तरी पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व अक्ष कललेला असल्यामुळे सूर्योदय त्यानंतरही काही आठवडे लांबत जातो आणि जानेवारीच्या मध्यानंतर तो सातला दोन-तीन मिनिटे असताना होतो. संक्रांतीच्या दिवसांत शिवारात जाणाऱ्यांना हा उशीर सोयीचा ठरतो.

वेळेपेक्षा दिशेतील बदल मोठा असतो. या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेस उगवतो. म्हणजे वर्षभरात उगवतीचे स्थान क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. उन्हाळ्यात देवळाच्या शिखरामागून उगवणारा सूर्य हिवाळ्यात त्याच जागेवरून भलत्याच झाडामागे दिसतो. विषुवदिनांच्या, म्हणजे २१ मार्च व २३ सप्टेंबर यांच्या आसपास हे स्थान सर्वांत वेगाने, रोज सूर्याच्या व्यासापेक्षा थोड्या कमी अंतराने सरकते. उलट अयनदिनांच्या आसपास आठवडाभर ते जवळपास स्थिर राहते. ठरावीक वस्तूच्या रेषेत सूर्य टिपायचा असल्यास डिसेंबर अखेरीस अनेक दिवस प्रयत्न करता येतो, मार्चमध्ये मात्र एक-दोनच सकाळी मिळतात.

प्रकाशाचा काळ

सूर्यप्रकाश क्षितिजावरून येतो तेव्हा त्याला डोक्यावरील स्थितीच्या सुमारे ३८ पट हवेतून प्रवास करावा लागतो. या प्रवासात निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि लाल-पिवळा उरतो. वातावरणातील अपवर्तनामुळे सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश उचललेले दिसते. म्हणजे बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा भूमितीच्या दृष्टीने ते जवळपास संपूर्ण क्षितिजाखाली असते.

नांदेड-लातूरच्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाशी मोठा कोन करून, जवळजवळ सरळ वर चढतो. बिंबाची वरची कड दिसल्यापासून संपूर्ण बिंब वर येण्यास दोन ते अडीच मिनिटे पुरतात. क्षितिजाखाली ६ अंशांपासून सूर्योदयापर्यंतचा नागरी संधिप्रकाश २२ ते २४ मिनिटांचा, म्हणजे जुन्या मापाने एका घटकेचा असतो. सूर्योदयानंतर ६ अंश उंची गाठण्यास त्याला सुमारे अर्धा तास लागतो. लंडनच्या अक्षांशावर हिवाळ्यात याच ६ अंशांसाठी जवळपास एक तास लागतो. 'गोल्डन अवर' या नावातील तास तिकडचा आहे. तिकडील पुस्तकांवरून वेळेचा अंदाज बांधणाऱ्या नवख्या छायाचित्रकाराची येथे हमखास फसगत होते. जागा शोधण्यात, तिपाई लावण्यात व भिंग बदलण्यात पंधरा मिनिटे गेली की येथील कोवळा प्रकाश निम्मा सरलेला असतो. म्हणूनच जागा आदल्या दिवशी पाहून ठेवणे ही येथे चैन नसून गरज आहे.

सूर्योदयापूर्वी पश्चिमेकडे पाहिल्यास क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा व त्याच्या वर गुलाबी पट्टा दिसतो. खालचा पट्टा ही वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली असते. मोकळ्या क्षितिजामुळे औसा, निलंगा, चाकूर या भागांतील पठारावर हिवाळ्यात हे दृश्य स्पष्ट दिसते. बहुतेक कॅमेरे पूर्वेकडे रोखलेले असल्याने त्याची चित्रे तुलनेने कमी आढळतात.

ऋतू, पिके आणि चित्र

मराठवाड्यातील शिवाराचे रूप पीकचक्राने ठरते. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडून पेरणी झाली की काही दिवस काळ्या जमिनीवर तिफणीच्या वा पेरणीयंत्राच्या सरळ रेषा व त्यांतून उगवलेले कोंब दिसतात. तिरप्या उन्हात या रेषा उठून दिसतात, मात्र त्या सूर्याच्या दिशेला आडव्या असाव्या लागतात. त्या सूर्याकडे जाणाऱ्या असतील तर सावली पडत नाही आणि शेत सपाट भासते. उन्हाळी नांगरटीलाही हेच लागू आहे. ढेकळांची खोल सावली व कडांवरील प्रकाश यांचे चित्र एप्रिल-मे महिन्यांत सूर्य उगवल्यापासून पंधरा-वीस मिनिटेच मिळते.

जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ बहुधा भरलेले असते व सूर्योदय दिसतच नाही. पावसाची उघडीप झाल्यावरची पहिली सकाळ हा या काळातील अपवाद होय. हवेतील धूळ धुऊन निघाल्याने दूरची झाडे स्पष्ट दिसतात व तुटक ढगांना खालून रंग चढतो. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा रंगांच्या दृष्टीने वर्षातील सर्वोत्तम काळ समजला जातो, परंतु नेमक्या याच वेळी शिवार रिकामे होत असते. लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या मोठ्या भागात खरिपाचे मुख्य पीक आता सोयाबीन आहे. सप्टेंबरमध्ये त्याची पाने पिवळी पडून गळतात आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान काढणी होऊन शेतात केवळ बनमी, म्हणजे कापलेल्या पिकाचे ढीग उरतात. ताडपत्रीने झाकलेल्या या बनमी आणि मळणीयंत्राची धूळ हे आजच्या लातूरच्या ऑक्टोबरमधील सकाळचे प्रातिनिधिक चित्र होय.

पूर्वी खरीप ज्वारीचे क्षेत्र मोठे होते. माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणारी ज्वारी क्षितिज झाकत असे आणि पिकाच्या कडेने जाणारी वाट दोन भिंतींमधील बोळासारखी दिसे. गुडघ्याएवढ्या सोयाबीनमुळे त्याच वाटेवरून आता मैलभर दूरचे दिसते. पीक बदलल्याने भूदृश्याची खोलीच बदलण्याचा हा प्रकार आहे. रब्बी ज्वारी मात्र अद्याप टिकून आहे. डिसेंबर-जानेवारीत कणसे हुरड्यात येतात तेव्हा पाखरे राखण्यासाठी माळ्यावर उभी असलेली राखणदाराची आकृती पहाटेच्या उजेडात छायाकृतीच्या रूपात टिपली जाते. पाखरे सूर्य उगवताच कणसांवर येतात, त्यामुळे राखणदार आणि छायाचित्रकार यांची वेळ एकच असते. याच सुमारास हरभऱ्याच्या पानांवर दव साचते आणि सूर्याकडे तोंड करून पाहिल्यास सारे शेत चमकते. करडईची पिवळी-केशरी फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. अर्धापूर परिसरातील केळीच्या बागा आणि हळदीचे मळे यांमुळे नांदेडजवळ हिवाळ्यातही हिरवा रंग मिळतो. तोच लातूरच्या मांजरा काठी उसामुळे मिळतो. साखर हंगामात पहाटे ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या रस्त्याला लागतात आणि त्यांच्या कोप्यांपुढील चुलींचा धूर जमिनीलगत पसरतो.

धूर असा आडवा पसरण्याचे कारण म्हणजे तापमानाची व्यस्त स्थिती. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. चुलीचा धूर या थराला अडून गावावर चादरीसारखा पसरतो. ऊन वाढले की पाऊण-एक तासात हा थर मोडतो. हिवाळ्यातील पहाटेच्या चित्रांत गावाच्या वर दिसणारी निळसर रेघ बहुधा धुक्याची नसून धुराची असते. स्वयंपाकाच्या गॅसचा वापर वाढल्यानंतर ती अनेक गावांत विरळ झाली आहे.

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत वेळा अमावास्या साजरी होते. तिला बोलीभाषेत येळवस म्हणतात. शेतात कडब्याची कोप उभारून पूजा करतात आणि आंबील व भज्जी यांचे वनभोजन होते. या दिवशी गावे ओस पडतात व शिवारे गजबजतात. कोप पूर्वतयारी म्हणून आधीच उभारलेली असल्याने सूर्योदयाला ती शेतात एकटी उभी दिसते. अमावास्या असल्यामुळे पहाटेपूर्वीचे आकाश काळेभोर असते आणि ताऱ्यांच्या चित्रांसाठी ती रात्र अनुकूल ठरते. याच महिन्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट व गुरे यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. जनावरांच्या खुरांनी उठणारी धूळ व शेकोट्यांचा धूर यांतून येणारे पहिले ऊन टिपण्यासाठी छायाचित्रकार येथे येतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये किनवट-माहूरच्या जंगलात पळस फुलतो. एप्रिलनंतर हवेत धूळ वाढते, सूर्य फिकट तबकडीसारखा उगवतो आणि आकाशाला रंग चढत नाही. पुष्कळ जण या काळात कॅमेरा गुंडाळून ठेवतात. तथापि धुळीतील हा मंद सूर्य लांब भिंगाने झाडामागे मोठा दाखवता येतो. एरवी काही मिनिटांत असह्य होणारे बिंब या दिवसांत थोडा अधिक वेळ चौकटीत ठेवता येते.

निवडक स्थळे

नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचा शंकरसागर जलाशय हिवाळ्यातील धुक्यासाठी ओळखला जातो. कंधार येथील राष्ट्रकूटकालीन परंपरा असलेला भुईकोट किल्ला व जवळचा जगत्तुंग सागर हा तलाव यांमुळे पाणी, तटबंदी व शेती एकाच परिसरात मिळतात. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरे आहेत. कोरीव भिंतींवरील तिरप्या उन्हाचा खेळ तेथे पाहण्यासारखा असतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहूरच्या डोंगरांवर पावसाळ्यात ढग उतरतात. इस्लापूरजवळ पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात व त्यानंतर काही काळ वाहतो.

लातूर जिल्ह्यात उंचीची ठिकाणे थोडी असल्याने लहान टेकड्यांनाही महत्त्व आहे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेले बेट, उदगीर तालुक्यातील हत्तीबेट आणि औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांची टेकडी येथून खालील शेतांची नक्षी दिसते. येथे 'बेट' हा शब्द पाण्याने वेढलेल्या भूमीसाठी नसून सपाट शिवारातून वर आलेल्या टेकडीसाठी वापरला जातो. १७६० च्या लढाईमुळे इतिहासात नोंदलेला उदगीरचा किल्ला आणि औशाचा भुईकोट किल्ला हे वस्तीला लागून असल्यामुळे मोकळ्या भूदृश्यासाठी तितके सोयीचे नाहीत.

स्थळांच्या याद्यांना तशी मर्यादाच आहे. या प्रदेशातील उल्लेखनीय चित्रांपैकी बरीचशी एखाद्या नाव नसलेल्या बांधावरील लिंबाच्या वा बाभळीच्या झाडापाशी घेतलेली असतात आणि तेथे पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय नसतो.

काळी आणि पांढरी

मराठी ग्रामव्यवस्थेत लागवडीच्या जमिनीला 'काळी' व वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणत. मराठवाड्यात हा फरक अक्षरशः डोळ्यांना दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडून व पुन्हा उभी राहून गावठाणाचा उंचवटा तयार झालेला असतो आणि तो काळ्या शिवारात फिकट रंगाने उठून दिसतो. जुन्या गढ्यांचे बुरूजही याच पांढऱ्या मातीचे असतात. सूर्योदयाला शेते अंधारात असताना उंचावरील पांढरीवर प्रथम ऊन पडते. दगड-मातीच्या जाड भिंतींची व लाकडी खणांवर मातीचे धाबे असलेली माळवदाची घरे हा या चित्राचा अविभाज्य भाग होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती व गणेश विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. वजनदार माळवदे व मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. विविध नोंदींत हा आकडा सुमारे आठ ते दहा हजार दिला जातो. त्या दिवशी तेथे सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होता. म्हणजे जे घडले ते संपूर्णपणे दिसण्यासाठी वाचलेल्यांना सुमारे दोन तास थांबावे लागले.

पुनर्वसनात ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसवण्यात आली. नवी गावे रुंद, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची व सुट्या सपाट छपरांच्या घरांची आहेत. त्यांना पांढरीचा उंचवटा नाही आणि ती दुरून एकसलग आकार म्हणून दिसत नाहीत. जुन्या गावठाणांवर चौथरे, पडक्या भिंती आणि झुडपे उरली. भूकंपग्रस्त नसलेल्या गावांतही माळवदाविषयी धास्ती निर्माण झाली व पत्रे आणि सिमेंटच्या घरांचे प्रमाण वाढले. यामुळे १९९३ पूर्वीचे गावाचे कोणतेही दूरदृश्य, मग ते लग्नाच्या वा जत्रेच्या छायाचित्राच्या पार्श्वभूमीवर अपघाताने आलेले असले तरी, आज गावाच्या रचनेचा पुरावा ठरते. जुन्या गावठाणांवर छायाचित्रण करताना ती अनेक कुटुंबांसाठी मृत्यूची जागा आहे याचे भान अपेक्षित असते. दरवर्षी ३० सप्टेंबरला सकाळी किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते.

दुष्काळाच्या चित्रांबाबत वेगळा प्रश्न उद्भवतो. २०१६ च्या टंचाईत मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणण्यात आले व पहिली गाडी एप्रिलमध्ये पोहोचली. त्या काळात भेगाळलेल्या जमिनीवरील उगवत्या सूर्याची चित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. काळ्या मातीतील चिकणमाती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. त्यामुळे भरपूर पाऊस झालेल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही तिला भेगा पडतात. केवळ भेगांच्या चित्रावरून दुष्काळ सिद्ध होत नाही. कोरडा जलाशय, ओस पडलेली छावणी किंवा विहिरीचा दिसणारा तळ यांचे दिनांक व ठिकाण नोंदवलेले चित्र अधिक विश्वसनीय असते. याच दशकातील जलयुक्त शिवार अभियानातून खोल-सरळ केलेले नाले आणि 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून आलेली प्लॅस्टिक अस्तराची शेततळी यांनी शिवारात नव्या रेषा आणि आकाश प्रतिबिंबित करणारे नवे चौकोन आणले. रम्य चित्रांच्या चौकटीतून हे सहसा वगळले जातात, हे दस्तऐवजाच्या दृष्टीने नुकसानीचे आहे.

संगणकावर आकाश बदलण्याची सोय सुलभ झाल्यापासून अशा चित्रांची सत्यता तपासण्याची गरज वाढली आहे. सूर्याची दिशा येथे उपयोगी पडते. ठिकाण व महिना माहीत असल्यास उगवतीची दिशा ठरलेली असते आणि सावल्या तिच्याशी जुळल्या पाहिजेत.

तंत्र

उगवता सूर्य व अंधारातील काळी जमीन यांच्या तेजस्वितेतील अंतर बहुतेक कॅमेऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. उपाय म्हणून वरचा अर्धा भाग गडद असलेला फिल्टर वापरतात किंवा वेगवेगळ्या उद्भासनाची, म्हणजे एक्स्पोजरची, दोन-तीन चित्रे घेऊन नंतर जोडतात. भ्रमणध्वनीतील एचडीआर सुविधा हेच काम आपोआप करते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरील दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे ओल्या काळ्या जमिनीने चौकट भरलेली असल्यास तो चित्र प्रमाणाबाहेर उजळ करतो व माती तपकिरी-करडी दिसते. मातीचा मूळ काळेपणा राखण्यासाठी उद्भासन एक टप्पा कमी करावे लागते. श्वेतसंतुलन स्वयंचलित ठेवल्यास पहाटेची लाली पुसली जाते, म्हणून ते दिवसाच्या प्रकाशावर स्थिर ठेवतात. हिवाळ्यात भिंगावर दव धरते, त्यासाठी सुती फडके पुरते. लांब भिंगाच्या प्रकाशीय दर्शिकेतून सूर्याकडे थेट पाहणे डोळ्यांना इजा पोहोचवणारे आहे.

सुरक्षितता व सामाजिक संकेत

अंधारात शिवारात जाताना घोणस, मण्यार व फुरसे या विषारी सापांचा धोका असतो. विजेरी, बूट व काठी आवश्यक मानली जातात. कठडे नसलेल्या विहिरी, शेततळ्यांचे निसरडे अस्तर आणि रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी बेकायदा सोडलेला तारांतील वीजप्रवाह ही अधिक गंभीर संकटे आहेत. तारेचे कुंपण ओलांडू नये हा नियम स्थानिक लोकही पाळतात. कृषिपंपांना अनेक ठिकाणी आठवड्यातील काही दिवस रात्रीच वीज मिळत असल्याने पहाटे शेतात पाणी देणारा शेतकरी भेटण्याची शक्यता असते. दुरून आवाज देऊन, गाव व येण्याचे कारण सांगून पुढे गेल्यास गैरसमज टळतो. अनोळखी वाहन व विजेरीचा प्रकाश मोटार किंवा वायर चोरीच्या संशयाला कारण होतो.

गावाच्या कडेला पहाटेच्या वेळी कॅमेरा रोखणे हा नाजूक विषय आहे. शौचालयाअभावी वा सवयीने उघड्यावर जाणारे लोक, विशेषतः स्त्रिया, याच अंधाऱ्या वेळेवर अवलंबून असत. स्वच्छता मोहिमांच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात पहाटे फिरणाऱ्या 'गुड मॉर्निंग पथकां'नी त्यांच्यावर कारवाई केली. पहाटे कॅमेरा घेऊन आलेल्या परक्या माणसाविषयी काही गावांत आढळणाऱ्या नाराजीला ही पार्श्वभूमी आहे. वस्तीपासून दूर, शेताच्या बाजूने सुरुवात करणे आणि उजाडल्यावर गावाकडे वळणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय. उभ्या पिकात तिपाई न लावणे, बांधावरूनच चालणे व हुरडा-हरभरा विचारल्याशिवाय न तोडणे हे साधे संकेत आहेत. छायाचित्रात व्यक्ती ओळखू येत असल्यास तिची संमती घेतात आणि शक्य झाल्यास चित्राची प्रत देतात.

कायदेशीर बाबी

सार्वजनिक रस्त्यावरून शेताचे छायाचित्र घेण्यास सामान्यतः परवानगी लागत नाही, खाजगी शेतात जाण्यासाठी मात्र मालकाची अनुमती हवी. संरक्षित स्मारके बहुधा सूर्योदयाला वा त्यानंतर उघडतात, त्यामुळे आतून पहाटेचे चित्र घेता येत नाही. तिपाईसाठी स्वतंत्र परवानगी मागितली जाऊ शकते. ड्रोनच्या वापरास ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी आवश्यक नसते. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांलगत विमानतळ असल्याने उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर त्या दिवशीचे क्षेत्र पाहणे आवश्यक ठरते.